मरळीसाठी घरी ओतलेल्या जिगला रंग कोणते द्यावेत?

चाळीसगावकडच्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: "घरीच शिसं ओतून दहा-बारा ग्रॅमचे जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गळाची आमिषं, बनवायला लागलो आहे. साचा जमला, गळ नीट बसतो. आता रंगावर घोडं अडलंय. अमेरिकेतल्या बास मासा धरणाऱ्यांचे व्हिडिओ बघून काळा-निळा, पंपकिन हिरवा, तपकिरी-जांभळा, पांढरा-पोपटी असे डझनभर रंगांचे स्कर्ट (गळाभोवती बांधायचे सिलिकॉनच्या धाग्यांचे झुपके) मागवायचा विचार आहे. गिरणा आणि वाघूर धरणांवर मरळीसाठी यातल्या कोणत्या पाच जोड्या कराव्यात? आणि रंगानं खरंच फरक पडतो की नुसती दुकानदारी आहे?"

भाऊ, दोन्ही खरं आहे. फरकही पडतो आणि दुकानदारीही आहे. डझनभर स्कर्ट मात्र इतक्यात मागवू नका. तुमच्या प्रश्नात धरणांची नावं आहेत, माशाचं नाव आहे, रंगांची यादी आहे; पण पाणी कसं आहे आणि जिग कसा चालवणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. रंग ठरतो तो याच दोन गोष्टींवर. वाघूरचं पाणी पोळ्याला जसं असतं तसं संक्रांतीला नसतं. त्यातही एकाच सकाळी भिंतीजवळ एक आणि नदी धरणात शिरते तिथं दुसरंच. त्यामुळे अमुक धरणाचा अमुक रंग, असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याला आधी महिना विचारा.

बासच्या व्हिडिओंचं आधी बघू. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा, आपल्या तापी खोऱ्यात तो नाही. तिकडचा तळाशी चालवायचा जिग बहुतेक वेळा क्रेफिशची, म्हणजे झिंग्यासारख्या दिसणाऱ्या नांग्यावाल्या जिवाची, नक्कल असतो. त्या तपकिरी-हिरव्या स्कर्टमध्ये चार नारिंगी धागे का घालतात, तर क्रेफिशच्या नांग्यांची टोकं पुष्कळदा तशी असतात म्हणून. भारतात क्रेफिश मुळातला नाहीच. आपल्या मरळीला ती ओळख कुठून असणार? तिच्या ताटात बेडूक, झिंगे, खेकडे, चिलापीची पिल्लं आणि काठाकाठानं फिरणारे छोटे चंदेरी मासे. तेव्हा तिकडून साचा घ्या, गळाचा आकार घ्या, स्कर्ट बांधायची पद्धत घ्या. रंगांची यादी जशीच्या तशी उचलायचं कारण नाही.

पाणी मोजायला फार काही लागत नाही. रंगाच्या बादलीचं पांढरं झाकण घ्या, मधोमध भोक पाडून सुतळी ओवा, खाली शिशाचा तुकडा बांधा आणि सुतळीला दर वितीवर एक गाठ मारा. सावलीच्या बाजूनं सोडत जा, झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजा. एका वितीच्या आत गायब झालं तर पाणी गढूळ. दोन-तीन वितींपर्यंत दिसलं तर मध्यम. त्याच्याही खाली दिसत राहिलं तर आपल्याकडच्या मानानं स्वच्छच म्हणायचं. तलावांचा अभ्यास करणारे याच तत्त्वावरची सेक्की डिस्क वापरतात, १८६५ पासून. आपलं झाकण तेवढंच काम करतं.

गाठी मोजताना आणखी एक बघायचं, जे बहुतेक जण सोडून देतात. झाकण दिसेनासं व्हायच्या जरा आधी कोणत्या रंगाचं दिसतं? पिवळट-तांबूस दिसलं तर पाण्यात माती आहे. हिरवट दिसलं तर शेवाळ. पांढऱ्या झाकणानं त्या खोलीवर उरलेल्या उजेडाचा रंग घेतलेला असतो, आणि तुमच्या जिगलाही खाली तेवढाच उजेड मिळणार आहे.

कारण पाण्यात शिरलेला उजेड सगळा सारखा खाली जात नाही. स्वच्छ पाण्यात लाल आधी विझतो आणि निळा-हिरवा खोलवर पोचतो. गढुळात उलट होतं: माती निळा-जांभळा आधी खाऊन टाकते, उरतो तो पिवळट-तांबूस. शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात निळा आणि लाल दोन्ही कमी होतात, हिरवा तेवढा टिकतो. धाग्याला स्वतःचा रंग दाखवायचा तर त्या रंगाचा उजेड त्याच्यावर पडायला हवा. तो खाली पोचलाच नाही तर तुमचा महागाचा निळा धागा तिथं काळाच. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात नद्या काळी माती घेऊन उतरतात. हतनूर धरणाला चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, ती वऱ्हाडाची माती घेऊन येते. त्या दिवसांत तिथं निळ्या-जांभळ्या छटांची चर्चाच फुकट. दिवाळीनंतर पाणी निवळायला लागतं, थंडीत सगळ्यात बरं असतं. आखाजीच्या सुमाराला पाणी आटून हिरवं पडलेलं असतं, आणि खाली नदीला आवर्तन सुटलं की तिथलं गणित पुन्हा बदलतं.

पोपटी फ्लोरोसंट धागा याला थोडा अपवाद आहे. तो निळा-जांभळा उजेड शोषून पिवळट-हिरवा करून परत फेकतो, म्हणून मध्यम पाण्यात झळकतो. पण पार चिखल असेल तर निळा उजेड वरच्या वितीतच संपतो, मग या धाग्यालाही चमकायला भांडवल उरत नाही. "गढूळ पाणी, घाला पोपटी" हा सल्ला सरसकट दिला जातो. माझ्या मते तो मधल्या पाण्याचा रंग आहे, पुराच्या पाण्याचा नव्हे. पुराच्या पाण्यात काळा.

आता मासा काय बघतो. बासवर झालेला एक अभ्यास इथं कामाचा आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासला खाद्याचं बक्षीस देत ठरावीक रंग ओळखायला शिकवलं. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. लाल आणि हिरवा बास छान ओळखतो. पण पोपटी आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, तसाच गडद निळा आणि काळ्यात. म्हणजे तिकडे धडाक्यात खपणारा काळा-निळा जिग बासच्या लेखी बऱ्यापैकी काळाच म्हणायचा. निळा धागा बराचसा गिऱ्हाइकासाठी असतो. बास आणि मरळ यांचा डोळा एकच असं मी म्हणणार नाही, ते दोन वेगळ्या कुळांतले मासे. पण गडद आहे की फिकट हे आधी आणि छटा मग, हा क्रम मला मरळीवरही लागू पडताना दिसत आलाय.

त्यानंतर दिशा. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि रंगांच्या गप्पांत ती जवळपास नसतेच. तळाशी ओढत नेलेल्या जिगला मासा वरून किंवा बाजूनं बघतो, पाठीमागे गाळ आणि दगड असतात. मधल्या पाण्यातून पोहवत आणलेल्या जिगला तो पुष्कळदा खालून बघतो, पाठीमागे आभाळ असतं. उजळ आभाळासमोर धरलेला कुठलाही धागा गडदच दिसतो. तिथं काळ्याचा आकार ठसठशीत उठतो आणि पांढरा त्यामानानं विरतो. लहान माशांची पोटं चंदेरी का असतात? खालून बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. तेव्हा तळाच्या जिगला तळाशी नातं सांगणारे रंग द्या: मातकट तपकिरी, शेवाळी हिरवा, करडा. पोहवायच्या जिगचं आधी ठरवा, त्याला लपवायचंय की दाखवायचंय. स्वच्छ पाण्यात भर दुपारी लपवलेला बरा, म्हणजे पाठ गडद आणि पोट पांढरट. संध्याकाळी किंवा गढुळात दाखवलेला बरा, म्हणजे नखशिखांत काळा.

मरळीची आणखी एक सवय तुम्हाला माहीत असेलच. तिला हवा घ्यायला वर यावं लागतं. बेशरमीच्या झुडपांशेजारी किंवा जलपर्णीच्या फटीत बुडबुडा फुटला की आपण तिथं जिग सोडतो. तेव्हा ती अगदी वरच्या हातभर पाण्यात असते आणि जिग तिच्या तोंडापुढून खाली जातो. एवढ्या उथळ पाण्यात उजेड सगळा शिल्लक असतो, म्हणून लाल-नारिंगी धागा खरा कामाला येतो तो इथं. तोच जिग डोहात दोन पुरुष खोल टाकला तर लाल धागा काळपट पडलेला असतो आणि तुमचे कष्ट वाया.

बांधणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरगुती जिग इथं बिघडतात. स्कर्टमध्ये साधारण चाळीस-पन्नास सिलिकॉनचे धागे बसतात. नवा माणूस काळे पंचवीस आणि लाल पंचवीस घेतो आणि छान एकसारखे मिसळून बांधतो. हातात सुरेख दिसतं. पाण्यात धागे बारीक, हलते आणि बघणारा दूर. दोन्ही रंग मिसळून एकच मळकट चॉकलेटी होतो. त्यासाठी दोन स्कर्टांचे पैसे कशाला? जोडरंग दिसायला हवा असेल तर तो कमी घ्या आणि एकाच जागी ठेवा. चाळीस धागे काळे, सहा-आठ लाल, आणि ते लाल सगळे डोक्याच्या खाली, गळ्याशी. बांधताना आधी काळे धागे चहूबाजूंनी पसरून दोन वेढे घ्यायचे, मग जिग उलटा धरून लाल झुपका अंगठ्याखाली दाबायचा आणि वरून घट्ट तीन-चार वेढे. झुपका बाजूला सरकला तर सोडून पुन्हा बांधा; पाण्यात तो जिग तिरका पोहल्यासारखा दिसतो.

बांधून झाला की कोरडा बघून खूश होऊ नका. धरणाचंच पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत तो टाका. माती खाली बसते, म्हणून बरणी हलवून मग बघा, उजेडाकडे धरून आणि उजेडाकडे पाठ करूनही. दोन हात लांबून दोन रंग वेगळे कळले तर जोडी जमली. एकच रंग दिसला तर तो एक रंगच आहे, मग सरळ एका रंगाचा बांधा, स्वस्त पडेल. तिसरा रंग मी घालतच नाही. तीन रंगांचे जिग फोटोत शोभतात.

जोड्यांचं विचाराल तर तुमच्या पाण्यासाठी मी अशा करीन. पहिला पूर्ण काळा, डोकंही काळं. गढूळ पाणी, ढगाळ दिवस, पहाट-संध्याकाळ, सगळीकडे चालतो. एकच जिग करायचा असता तर हाच केला असता. दुसरा मातकट तपकिरी, त्यात शेवाळी हिरव्याचा झुपका पाठीवर आणि पोटाकडे थोडे फिकट धागे. आपले खेकडे असेच असतात, पाठ गडद, खालचं अंग फिकट. दगडी काठावर, थंडीतल्या निवळ पाण्यात हा तळानं चालवायचा. तिसरा काळा आणि गळ्याशी लाल. चिलापीचे नर विणीच्या दिवसांत काळे पडतात आणि त्यांच्या पंखांच्या कडा लाल होतात. उथळात, चिलापीचे खळगे दिसतात तिथं हा घ्या. चौथा करडी पाठ, पांढरं पोट, फक्त पोहवायला आणि फक्त स्वच्छ पाण्यात. पाचवा काळ्यावर पोपटी झुपका, मध्यम पाण्यासाठी. यातले पहिले दोन आत्ता करा. बाकीचे तीन पाणी बघून.

खरं तर जिगचे पाच रंग करण्यापेक्षा मागे लावायच्या रबरी शेपट्या चार-पाच रंगांच्या ठेवणं परवडतं. काळ्या जिगला काळी शेपटी लावली की गढुळाचा जिग, लाल टोकाची लावली की चिलापीचा, पोपटी लावली की मधल्या पाण्याचा. काठावर बसून अर्ध्या मिनिटात बदल होतो. पांढऱ्या शेपटीवर कायम टिकणाऱ्या मार्करनं दोन पट्टे ओढले तरी भागतं. या शेपट्या डब्यात मात्र रंगवार वेगळ्या ठेवा. काळ्याचा आणि लालचा रंग पांढऱ्यात उतरतो आणि मग जात नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत डबा राहिला तर त्या एकमेकींना चिकटून लगदा होतो.

स्कर्टला स्थानिक काही चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. कोंबड्याच्या मानेची काळी-तांबूस पिसं उत्तम चालतात, छोट्या जिगला तर सिलिकॉनपेक्षा बरी. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या वाटेवर असाल तर घोड्याच्या शेपटीचे गळलेले केस मागून बघा. काळा आणि तपकिरी, दोन्ही रंग मुळातले, उडायची भीती नाही, फक्त जरा ताठ असतात. पोळ्याच्या बाजारातली गोंड्यांची लोकर रंगानं मोहात पाडते, पण ती पाणी पिऊन जड होते आणि कित्येकदा रंग सोडते. जळगावच्या चटईच्या पट्ट्यांबद्दलही कोणीतरी हमखास सांगतं. ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं आणि ताठ, त्यामुळे स्कर्ट हलत नाही, नुसता फिस्कारून उभा राहतो. चटईच बरी.

डोक्याच्या रंगाचं लवकर आटपतो. पावडर कोटिंगची पावडर सगळ्यात टिकाऊ: शिसं गरम करून पावडरीत बुडवायचं, मग जुन्या, स्वयंपाकाला पुन्हा न वापरायच्या ओव्हनमध्ये साधारण १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे डोकं ओघळत नाही. पावडर नसेल तर नेलपॉलिशचे दोन हात आणि वर पारदर्शक हात, चालून जातं. दगडावर आपटून टवके उडतात तेवढेच. फ्लोरोसंट रंग लावणार असाल तर खाली पांढरा हात हवाच, थेट शिशावर तो मेलेला दिसतो.

आणि रंगाचं नाही तरी ओतणाऱ्याला सांगायलाच हवं असं काही. शिसं घरात वितळवू नका, स्वयंपाकघरात तर नाहीच. उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, आणि पोरंबाळं लांब. वितळलेल्या शिशात घामाचा किंवा पाण्याचा थेंब पडला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं, म्हणून साचा आणि ओतायचे तुकडे कोरडेठाक हवेत. जुन्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्याच्या धुरात आणि आम्लात नको ते असतं. टायरवाल्याकडची चाकाची वजनं चालतात, पण त्यांत जस्ताची मिसळलेली असतात. ती ४१९ अंशांना वितळतात, म्हणून वर तरंगत राहतील ती काढून टाका. काम झालं की हात साबणानं धुऊन मगच चहा.

रंगाची परीक्षा घेताना एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन तेच, शेपटी तीच, जागा तीच, फक्त रंग वेगळा. दोघं मिळून गेलात तर एकानं काळा टाकायचा, एकानं तपकिरी, आणि तासाभरानं अदलाबदल. दहा ग्रॅमचा काळा चालला नाही आणि सात ग्रॅमचा तपकिरी चालला, तर तो रंगाचा विजय आहे की हळू पडण्याचा, हे कळायला मार्ग नाही. माझा कल अशा वेळी वजनाकडे असतो.

जाण्याआधी धरणावरच्या मच्छीमार संस्थेला विचारून घ्या. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, आणि गळ टाकायला ते सहसा नाही म्हणत नाहीत, न विचारता टाकला तर म्हणतात. पावसाळ्यात काठाजवळ पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर खदखदताना दिसला तर खाली मरळ राखण करत असते. तिथं जिग टाकू नका. ती गेली तर पुंजका बाकीच्या माशांच्या पोटात जातो. शिवाय राखणीवरची मरळ भुकेपोटी धावून येत नाही, पुढ्यात येईल त्यावर झडप घालते. त्यामुळे अशा जागी कोणी "लाल-पोपटीवर तीन मिळाल्या" म्हणून फोटो टाकला, तर त्यावरून रंगांची यादी बदलू नका.